सतरा खाचा

मास्तरांनी शिवणाचं दुकान बंद केलं तेव्हा आत तीन वस्तू उरल्या: मालक कधीच न्यायला न आलेला एक करडा कोट, पायाने चालवायचं शिलाई मशीन आणि सात फूट लांबीचं कटिंगचं टेबल. टेबल सुताराने खोलीत बसूनच जोडलं होतं. ते दारातून बाहेर निघणार नव्हतं, आणि पुढची दोन वर्षं मास्तरही त्याच्यापासून फारसे लांब गेले नाहीत.

दुकान म्हणजे घराची पुढची खोली. दहा फूट रुंद, चौदा फूट लांब. एका टोकाला रस्त्याकडचं काचेचं दार, दुसऱ्या टोकाला स्वयंपाकघरात उघडणारं लाकडी दार. अडतीस वर्षं मास्तर काचेच्या दाराजवळ उभे राहून कापड कापत आले आणि त्यांच्या पत्नी लाकडी दाराजवळ बसून काज-बटणं करत आल्या. गल्लीत त्यांना मास्तरीणबाई म्हणत. त्यांची काजं पाहून नवं गिऱ्हाईक विचारायचं, हे मशीन कुठून आणलंत? मास्तरीणबाई सुई वर करून दाखवायच्या आणि पुन्हा मान खाली घालायच्या.

पुढे लोक तयार कपडे घ्यायला लागले. शिंप्याकडे यायचं ते विजारीची लांबी कमी करून घ्यायला. मास्तरांना त्या कामात कमीपणा वाटत नसे, पण अख्खा दिवस विजारींच्या खालच्या चार इंचांत घालवणं त्यांच्या जिवावर यायचं. एका सोमवारी त्यांनी पाटी उतरवली.

जहाजं त्यानंतर आली. वाचनालयातल्या एका जुन्या मासिकात लाकडी जहाजाची लहान प्रतिकृती कशी करायची याचे आराखडे होते. फासळ्यांचे आकार एकात एक काढलेले, सदऱ्याच्या लहान-मोठ्या मापांसारखे. मास्तर ते पान घेऊन घरी आले आणि म्हणाले, "हे तर फर्मेच आहेत."

"कशाचे?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"जहाजाचे."

"गिऱ्हाईक कोण आहे?"

गिऱ्हाईक नव्हतं. पहिलं जहाज चार महिन्यांत झालं आणि त्याचं नाक डावीकडे वळलं. दुसरं पाच महिन्यांत झालं, त्याचं उजवीकडे. दोन्ही खिडकीत शेजारी शेजारी ठेवली की भांडून बसलेल्या माणसांसारखी दिसायची. पहिल्यात मास्तरीणबाई कपड्यांचे चिमटे ठेवायला लागल्या. मास्तरांनी हरकत घेतली नाही. चिमटे ठेवायला ते जहाज खरोखर सोयीचं होतं.

ऑक्टोबरच्या एकाच आठवड्यात दोन माणसं त्या खोलीवर नजर ठेवून घरी आली.

पहिली मास्तरीणबाईंची भाची. सहा वर्षं ती दुसऱ्याच्या चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर काढत होती आणि आता तिला स्वतःचं दुकान हवं होतं. रस्त्याला लागून, काचेच्या दाराची खोली तिला गावभर शोधूनही मिळाली नव्हती.

"मावशी, ही खोली रिकामीच आहे ना?"

"रिकामी कुठे? तुझे काका आहेत तिच्यात."

"काका काय करतात आत?"

"जहाजं वाकडी करतात."

मास्तर लाकडी दारातच उभे होते. "दोनच केलीत," ते म्हणाले.

दुसरे आले कप्तान. हे टोपणनाव, कप्तान ते कधीच नव्हते. बाहेरून आलेली मोठी जहाजं बंदरातल्या गाळातून वाट काढत धक्क्याला आणून लावायची, हे त्यांचं काम. ते त्यांनी तीस वर्षं केलं आणि तीसही वर्षं मास्तरांनी शिवलेल्या गणवेशात केलं. निवृत्त गोदी कामगारांच्या क्लबात एक काचेचं कपाट रिकामं पडलं होतं. तरुणपणी कप्तान ज्या लाकडी मालवाहू जहाजावर नोकरीला लागले ते केव्हाच मोडीत निघालं होतं, पण त्याचे आराखडे त्यांनी जपून ठेवले होते. त्या जहाजाची प्रतिकृती कपाटात असावी, असं क्लबाने ठरवलं होतं.

"तुमची दोन केळी पाहिलीत मी खिडकीतून," कप्तान म्हणाले. "मला जहाज पाहिजे."

"सरळ करून देतो."

"मी तीस वर्षं जहाजांच्या नाकासमोर बघत आलोय, मास्तर. केसाएवढा बाक असला तरी मला दिसणार. मग मी ते कपाटात ठेवू देणार नाही. आधीच सांगून ठेवतो, मागून रुसू नका."

रात्रीच्या जेवणाला मास्तरीणबाईंनी निकाल दिला. त्यांना वाद घालायला आवडत नसे; त्या एकदम निकालच देत. मार्चअखेर कप्तानांनी सरळ म्हटलेलं जहाज टेबलावर असलं तर खोली मास्तरांची, भाचीने दुसरीकडे जागा बघावी. नसलं तर एक एप्रिलला खोली भाचीची आणि मास्तरांचं सगळं सामान जिन्याखाली.

"जिन्याखाली टेबल मावणार नाही," मास्तर म्हणाले.

"टेबल कापता येईल."

मास्तरांनी घास खाली ठेवला. मग उचलला आणि खाल्ला. भाचीने मार्चपर्यंत थांबायला होकार दिला. तिला वाटत होतं, पाच महिन्यांचाच तर प्रश्न आहे.

नोव्हेंबर गेला खोली लावण्यात. तोवर मास्तर कापडाच्या गठ्ठ्यांमधून जागा काढून काम करत होते. करवत शोधायला अर्धा तास जायचा आणि सापडायची ती करड्या कोटाखाली. आता त्यांनी खोलीचं माप घेतलं, कागदावर तिचा फर्मा काढला आणि टेबलापासून हाताच्या अंतरावर काय हवं ते आधी ठरवलं. रिळांच्या फळीवर बारीक करवती आणि कानशी टांगल्या. बटणांच्या चाळीस खणांच्या कपाटात खिळे, टाचण्या, पितळी तारेचे तुकडे गेले. कोट टांगायच्या दांडीवर लाकडाच्या लांब पट्ट्या आडव्या बांधल्या, कारण उभ्या ठेवल्या की त्या वाकतात. शिलाई मशीनचं डोकं काढून त्याच्या चाकाला पॉलिशपेपरची तबकडी जोडली. पाय मारला की तबकडी फिरायची आणि लाकूड घासलं जायचं. पायाला सवय होतीच.

इस्त्री मात्र इस्त्रीच राहिली. ओली पट्टी बाहीच्या अरुंद फळीवर धरून वरून वाफेची इस्त्री फिरवली की पट्टी हवी तशी वळते, हे त्यांना दुसऱ्या जहाजाच्या वेळीच कळलं होतं. लाकडाला पोट द्यायचं काम त्यांना खांदा बसवण्यासारखं वाटायचं आणि ते त्यांना जमायचं. त्यांची अडचण वेगळी होती. पट्ट्या चांगल्या वळायच्या, पण ज्यावर चिकटवायच्या तो सांगाडा हातात धरलेला असायचा. एका बाजूची पट्टी सुकताना ओढ घेते, सांगाडा तिच्याबरोबर कलतो, आणि मग जहाज मरेपर्यंत तिकडेच बघत राहतं.

"कोटाला पुतळा असतो," ते एकदा जेवताना म्हणाले. "हातात धरून खांदा कोणी बसवतं का? जहाजाला पुतळा नाही, म्हणून वाकडं होतं."

"मग करा पुतळा," मास्तरीणबाई म्हणाल्या.

कारखान्यात अशा पुतळ्याला जिग म्हणतात, ही माहिती हार्डवेअरच्या दुकानदाराने पुरवली. काम करताना वस्तू जागची हलू नये म्हणून केलेली पकड. मास्तरांनी डिसेंबरभर विचार करून जी जिग केली ती दिसायला साधी होती. तीन फूट लांबीची, पाऊण इंच जाडीची एक सपाट फळी; तिच्यात आडव्या सतरा खाचा. जहाजाला सतरा फासळ्या होत्या. प्रत्येक फासळी डोकं खाली, पोट वर अशी आपापल्या खाचेत उभी राहायची. सगळ्यांच्या वर, नाकापासून शेपटीपर्यंत, जहाजाचा कणा आडवा बसायचा. म्हणजे जहाज उलटं बांधायचं, फळीला घट्ट धरून. दोन्ही बाजूंच्या पट्ट्या पूर्ण झाल्या की खाचांतून सुटं करायचं आणि सुलटं करायचं.

एक बाजू आधी संपवायची नाही, हेही त्यांनी ठरवलं. उजवीकडे एक पट्टी, लगेच डावीकडे एक. पट्टी जागेवर दाबून धरायला चिमटे लागायचे. पहिल्या जहाजातले चिमटे एकेक करून दुकानात आले. जानेवारीत दोनदा वाऱ्याने दोरीवरचे कपडे शेजाऱ्यांच्या अंगणात गेले.

"जहाज बांधताय आणि चादरी माझ्या हाकारताय," मास्तरीणबाई म्हणाल्या.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दोन्ही बाजूंना सहा-सहा पट्ट्या लागल्या होत्या. मास्तरांनी नाकापासून शेपटीपर्यंत दोरा ताणला. कणा दोऱ्याखाली यायला हवा होता. शेपटीकडे तो चार मिलिमीटर बाजूला होता.

त्यांनी पहिला दोष दोऱ्याला दिला आणि दुसरा दोरा ताणला. तोही तेच म्हणाला. मग दोष लाकडाला, मग हवेतल्या ओलीला, मग डिंकाला. काटकोन तपासायचा गुण्या कपाटाला लावून पाहिला, दाराच्या चौकटीला लावून पाहिला. गुण्या बरोबर होता. तीन दिवस ते खोलीत बसून होते आणि एकही पट्टी लागली नाही. संध्याकाळी काय झालं विचारलं की म्हणायचे, सुकतंय.

चौथ्या दिवशी दुपारी भाची आली. तिला काउंटरचं माप घ्यायचं होतं. सुतार अडला होता आणि मार्च आता फार लांब नव्हता. मास्तरांचा टेप तिने मागितला तेव्हा मास्तरांनी तो मुकाट्याने गळ्यातून काढून दिला. अडतीस वर्षांत तो टेप त्यांनी कोणाला दिल्याचं मास्तरीणबाईंनी पाहिलं नव्हतं. त्या टेपचं दुसरं टोक धरायला पुढे झाल्या.

टोक भिंतीपर्यंत न्यायला त्यांना टेबलावरून वाकावं लागलं. कोपर जहाजाला लागलं आणि जहाज हललं.

"हे हलतंय," त्या म्हणाल्या.

"हात लावू नकोस."

"हात नाही, कोपर लागलं. कोपराने हलतंय म्हणते मी. पुतळा केलात ना? पुतळ्यावर कोट हलतो का?"

त्यांनी टेप सोडला आणि शेवटची फासळी दोन बोटांत धरून पुढे-मागे केली. फासळी खाचेतल्या खाचेत डुलत होती. मग पुढची. तीही. सतराच्या सतरा.

"थोडं सैल ठेवलंय," मास्तर म्हणाले. "लाकूड फुगतं. अडकायला नको."

मास्तरीणबाईंनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला आणि फळीला नाक लावलं. खाचांच्या कडेला आखलेली पेन्सिलीची रेघ कुठेही शिल्लक नव्हती. रेघ जिथे होती तिच्याही पलीकडून करवत गेली होती.

"अहो, तुम्ही रेघेबाहेरून कापलंय."

"मग? रेघेबाहेरूनच कापतात."

"कापड."

मास्तरांनी एका खाचेवरून बोट फिरवलं.

"कापडाचा तुकडा तुमच्या हातात राहतो, म्हणून बाहेरून कापायचं. हे भोक आहे. यात हातात काही राहत नाही, नुसतं मोठं होतं." त्या सरळ उभ्या राहिल्या. "अडतीस वर्षं गिऱ्हाइकाचं पोट सुटेल म्हणून मार्जिन सोडलंत. जहाजाचं पोट सुटतं का?"

भाची टेप हातात धरून भिंतीकडे बघत होती. हसू आवरायला तिला दुसरी जागा नव्हती.

मास्तरांनी कंपास घेऊन खाचा मोजल्या. फासळी पाच मिलिमीटर जाडीची. एकेक खाच साडेपाच. अर्ध्या मिलिमीटरची गंमत तळाला कळत नाही, पण फासळी जवळपास पाच इंच उंच होती आणि वर पोहोचेपर्यंत तिचा कल तीन-चार मिलिमीटर होत होता. पट्ट्यांनी ओढलं तिकडे सगळ्या मिळून झुकल्या होत्या. दोरा पहिल्यापासून खरं सांगत होता.

"कागदाच्या पट्ट्या भरू खाचांत," मास्तर म्हणाले. "घट्ट होतील."

"काज मोठं झालं तर त्यात कागद भरत होतो का आपण?"

"तुझी काजं कधी मोठी झाली?"

"हेच म्हणतेय मी," मास्तरीणबाई म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. भाचीने टेप गुंडाळून टेबलावर ठेवला. काउंटर साडेचार फुटांचा बसत होता.

मास्तरांनी त्याच दिवशी जहाज उसवायला घेतलं. हा शब्द त्यांचाच. वाफेची इस्त्री जवळ धरली की डिंक मऊ पडतो; मग पातळ सुरी आत सरकवून पट्टी सोडवायची. कोटाची बाही उसवताना कापड फाटू न देणाऱ्या माणसाला यात विशेष अवघड काही नव्हतं. बारापैकी दहा पट्ट्या धड निघाल्या. फासळ्याही रेघेबाहेरून कापल्यामुळे थोड्या मोठ्याच होत्या, पण फासळी घासून लहान करता येते. जुन्या फळीचं काही करता येण्यासारखं नव्हतं.

नवी फळी आली तेव्हा मास्तरीणबाई कामाचा चष्मा घालून खोलीत आल्या आणि लाकडी दाराजवळच्या आपल्या जागेवर बसल्या. ती जागा आता लाकडाच्या भुशाची होती. त्यांनी भुसा झटकला.

"रेघा मी आखणार," त्या म्हणाल्या.

"आखायचं काय त्यात? मी रेघेवर कापीन आता. कळलंय मला."

"दाखवा."

मास्तरांनी टाकाऊ तुकड्यावर एक खाच आखली, करवत लावली आणि डोळ्यांत तेल घालून कापली. दोघांनी खाली वाकून पाहिलं. रेघ गेली होती. त्यांनी दुसरी कापली. तीही गेली. हात रेघ दिसताच आपोआप बाहेर सरकत होता. त्याला अडतीस वर्षांची सवय होती आणि मार्चपर्यंत ती मोडायला वेळ नव्हता.

मग मास्तरीणबाईंनी जे केलं त्यावर जहाज उभं राहिलं. त्यांनी पेन्सिल बाजूला ठेवली, कारण तिची रेघ जाड असते, आणि सुरीच्या टोकाने फळीवर खाचा कोरल्या. पण खाच पाच मिलिमीटरची हवी होती तिथे त्यांनी तीनचीच आखली.

"कापा आता. तुमच्या पद्धतीने कापा, बाहेरून."

मास्तरांनी बाहेरून कापलं. खाच चार मिलिमीटरपेक्षा कमी झाली. उरलेलं मास्तरीणबाईंनी कानशीने काढलं. चार वेळा घासायचं, फासळी लावून बघायची, फासळी शिरली नाही की पुन्हा दोन वेळा घासायचं. फासळी अंगठ्याने दाबल्यावर आत गेली आणि सोडल्यावर हलली नाही, की ती खाच झाली. काज आणि बटणाचंही तसंच असतं; बटण सहज गेलं तर ते सहज निघतंही. पहिल्या दिवशी त्यांच्या तीन खाचा झाल्या. दुसऱ्या दिवशी चार. पाचव्या दिवशी दुपारी सतरावी संपली तेव्हा उजव्या हाताच्या अंगठ्याला फोड आला होता. मास्तरांनी फळी उचलून उलटी धरली. सतरा फासळ्या खाचांत लटकत राहिल्या. एकही पडली नाही.

"हं," मास्तर म्हणाले.

"फळी खाली ठेवा. पडली तर तुम्ही आहात आणि मी आहे."

त्यानंतर पाच आठवडे काम सरळ चाललं आणि सरळ चाललेल्या कामाबद्दल सांगण्यासारखं फार नसतं. उजवीकडे एक पट्टी, डावीकडे एक. दर दोन पट्ट्यांनंतर दोरा. मास्तर पट्टी वळवायचे, मास्तरीणबाई चिमटे लावायच्या, कारण चिमटे त्यांचे होते आणि कुठे किती गेलेत याचा हिशेब त्यांना ठेवायचा होता. दोघांची जुनी भांडणंही परत आली. खिडकी उघडी ठेवायची की बंद. रेडिओ किती मोठा. दुकान चालू असताना त्या ज्या गोष्टींवरून चिडायच्या त्याच गोष्टींवरून आता चिडत होत्या, फक्त धाग्याऐवजी भुशावरून.

मार्चच्या सव्वीस तारखेला जहाज खाचांतून सुटलं. सत्तावीस, अठ्ठावीसला घासून झालं. डेक आणि केबिन पुढे कधीतरी. कप्तानांना बघायचं होतं ते अंग, आणि अंग पूर्ण होतं. तीस तारखेला सकाळी कप्तान आले. भाचीही आली. तिला बोलावलं नव्हतं, पण निकाल तिचाही होता.

 कप्तानांनी टेबलाच्या टोकाशी गुडघे वाकवून एक डोळा मिटला आणि नाकाकडून शेपटीकडे पाहिलं. मग दुसऱ्या टोकाला जाऊन शेपटीकडून नाकाकडे. मास्तरांनी दोरा पुढे केला; कप्तानांनी तो घेतला नाही. शेवटी त्यांनी दोन्ही तळहात जहाजाच्या दोन्ही पोटांवर ठेवले आणि एकाच वेळी नाकाकडून मागे सरकवत नेले, सावकाश, दोनदा. तिसऱ्यांदा ते मध्येच थांबले. मास्तरांनी गळ्यातला टेप दोन्ही हातांनी धरला होता.

"इथे काय आहे?" कप्तानांनी विचारलं.

"कुठे?"

"उजवीकडे. थोडं खरखरीत लागतंय."

मास्तरीणबाई पुढे झाल्या आणि बोट फिरवलं. "पॉलिशपेपर फिरलेला नाही तिथे. वाकडं आहे का ते सांगा."

"वाकडं?" कप्तान म्हणाले. "नाही. सरळ आहे." आणि थोडं थांबून, "याला खिसे कुठे ठेवलेत, मास्तर?"

मास्तर पहिल्यांदा हसले. मग कप्तानांनी आपल्या जुन्या जाकिटाची आतली शिवण उलटी करून दाखवली. तीन वेळा सैल केल्याच्या तीन टिपा तिथे दिसत होत्या आणि अजून बोटभर कापड शिल्लक होतं. "तुमच्या मार्जिनवर माझी तीस वर्षं निघाली," ते म्हणाले. "या जहाजात ते नाही, हे बरं केलंत." खाचांचं त्यांना कोणीच सांगितलं नव्हतं. मास्तरीणबाईंनी भाचीकडे पाहिलं आणि भाचीने पुन्हा भिंतीकडे पाहिलं.

कप्तान गेल्यावर भाची म्हणाली, "ठीक आहे, मावशी. ठरलं तसं. मी दुसरीकडे बघते."

मास्तर टेबलावरचा भुसा गोळा करत होते. खोली त्यांची झाली होती. त्यांनी काचेच्या दाराकडे पाहिलं, मग लाकडी दाराकडे. ऑक्टोबरपासून ते एकदाही काचेच्या दाराजवळ उभे राहिले नव्हते. सगळं काम मागच्या अर्ध्या भागात, मास्तरीणबाईंच्या जागेच्या आसपास झालं होतं.

"टेबल सात फुटांचं आहे," ते म्हणाले.

"मग?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"खोली दहा फूट रुंद आहे. टेबल आडवं केलं तर मागे सहा फुटांत बसतं. तू बसतेस त्या बाजूला तीन फूट राहतात."

"मला कशाला हवेत तीन फूट?"

"खाचा कोण पाडणार?"

मास्तरीणबाईंनी उत्तर द्यायला वेळ घेतला. निकाल देताना त्या इतका वेळ घेत नसत. "पुढचे आठ फूट," त्या भाचीला म्हणाल्या. "मध्ये दार ठेवून प्लायची भिंत घाल, दाराला कडी तुझ्या बाजूने. आमचा भुसा तुझ्या काचांवर येता कामा नये आणि तुझी गिऱ्हाइकं यांच्याशी गप्पा मारत बसता कामा नयेत."

"काउंटर साडेचार फुटांचाच ठेवते," भाची म्हणाली.

एप्रिलमध्ये मास्तरांनी खोली दुसऱ्यांदा लावली, या वेळी सहा फुटांत. बटणांचं कपाट उभं केलं, दांडी आडवी फिरवली, मशीनचं चाक टेबलाखाली सरकवलं. आता करवत घ्यायला उठावंही लागत नाही. करडा कोट बाहेर गेला; कप्तानांना तो थोडा घट्ट होतो, पण सैल करता येईल. मे महिन्यात डेक आणि केबिन झाली आणि जहाज क्लबाच्या कपाटात गेलं. सध्या जिगवर नवं जहाज आहे, क्लबातल्यापेक्षा लांब, एकवीस फासळ्यांचं. त्यासाठी नवी फळी लागली. तिच्यावरच्या रेघा मास्तरीणबाईंनी आखल्या आणि मास्तरांनी बाहेरून कापल्या.

जुनी फळी, साडेपाच मिलिमीटरच्या खाचांची, भाचीच्या दुकानात काचेच्या दाराशी आडवी ठेवलेली आहे. प्रत्येक खाचेत चष्म्याची एक-एक काडी खोचलेली आहे, सतरा चष्मे. खाचा थोड्या सैल असल्यामुळे गिऱ्हाइकाला चष्मा ओढावा लागत नाही, सहज निघतो. भाचीच्या मते दुकानात त्याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही.